रंग आणायचे कुठून?

नमस्कार श्रोतेहो, आज विषय आहे भारतातल्या चित्रकलेचा इतिहास, पण घाबरू नका, राजवटींची यादी नाही वाचणार, आज फक्त रंगाबद्दल बोलू. कारण दुकानात ट्यूब मिळायची सोय नव्हती तेव्हा चित्रकाराला पहिला प्रश्न हाच असायचा की रंग आणायचा कुठून.

मध्य प्रदेशात भीमबेटका आहे, आदिमानवाच्या चित्रांच्या गुहा, 1957 साली आपले पुरातत्त्वज्ञ वाकणकर यांनी जगासमोर आणलं ते. तिथल्या खडकांवर मुख्यतः लाल नाहीतर पांढरा रंग दिसतो. लाल म्हणजे गेरू, हाताशी होता तो वापरला, विषय संपला.

आता अजिंठ्याला या. इथे कातळावर आधी चिखलाचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि झाडपाल्याचे धागे कालवलेले, वरून चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर मग सरस किंवा डिंक घातलेले रंग. म्हणजे युरोपात ओल्या चुन्यावर करतात ते फ्रेस्को हे नव्हेच, तरी सगळे फ्रेस्कोच म्हणतात, असो. गेरू, पिवळी माती, चुना, दिव्याची काजळी, आणि हिरवी माती, जी आपल्या दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडते. सगळं इथलंच की! फक्त निळा सोडून. 9 आणि 10 नंबरची लेणी सर्वात जुनी, सातवाहनांच्या काळातली, त्यांत निळा शोधून सापडत नाही, आणि पाचव्या शतकात वाकाटकांच्या वेळी कोरलेल्या 1, 2, 16, 17 मध्ये मात्र तो दिसतो. तो आला थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, लाजवर्द नावाचा दगड कुटून. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर कुठून कुठे आला बघा! मला विचाराल तर अजिंठ्याच्या वैभवाचा पुरावा त्या निळ्यात जास्त आहे, शिलालेखात कमी. (ही चित्रं आज जरा पिवळट दिसतात त्याला एक कारण 1920 च्या सुमाराचं आहे, निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले आणि त्यांनी वरून लाखेचं व्हार्निश दिलं.)

पुढे भिंत सुटली, ताडपत्र आलं, मग कागद, चित्र तळहाताएवढं झालं आणि खारीच्या केसांचा ब्रश आला. कागद उलटा घालून मागून गुळगुळीत दगडाने घोटायचे, त्याने रंगाला तकाकी यायची. जम्मूकडच्या बसोहली शैलीत तर दागिन्यातला पाचू दाखवायला भुंगेऱ्याच्या चमकदार पंखांचे तुकडे चिकटवलेत, विश्वास नाही बसत पण खरंय.

आणि पेवडी! राजस्थानी, पहाडी चित्रांत तो उबदार पिवळा दिसतो ना, तो गोमूत्राचा. 1883 मध्ये सरकारी अधिकारी त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी बिहारमध्ये मुंगेरजवळ जाऊन बघितलं, गवळी गायींना आंब्याची पानं खायला घालायचे आणि मूत्र आटवून रंगाचे गोळे वळायचे. गायी बिचाऱ्या खंगलेल्या. पुढे बरेच जण म्हणाले ही थापच आहे, पण अलीकडच्या रासायनिक तपासण्यांनी मुखर्जींचीच बाजू उचलून धरलीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो रंग बाजारातून गेला.

कारण तोवर विलायती रंग आले होते. राजा रविवर्मांनी तैलरंग घेतलेच, शिवाय 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणली, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्र दगडावर काढून त्याचा छाप कागदावर घ्यायचे, लक्ष्मीच्या एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, रंगावर रंग छापत जायचं. टीका करणारे याला कॅलेंडर आर्ट म्हणून नाक मुरडतात, मला नाही पटत, त्याआधी असं रंगीत चित्र सामान्य माणसाच्या घरात कधी होतं?

तुमच्या आजोळी देवघरात तशी जुनी फ्रेम असेल तर भिंग घेऊन देवीच्या गालाजवळ बघा, बारीक बारीक ठिपके दिसतील, ते दगडावर कारागिराने हाताने टाकलेले असायचे. काच मात्र काढू नका, कागद चिकटलेला असतो, फाटेल.