रिंगखालची जागा

नेरुळ. सकाळचे साडेसहा. रात्रभर पाऊस झालाय. मुलं वायपरनं बास्केटबॉल कोर्टावरचं पाणी काढताहेत. कोबा ओला असला की खालचा जुना रंग वर दिसायला लागतो. रिंगसमोर पांढरा आयत आहे, तो आजचा. त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली फाकत गेलेल्या या पिवळ्या, पुसट रेघा मात्र जुन्या आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पर्यंत हा पट्टा असा होता, फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेवर ३.६ मीटर आणि रिंगखाली ६ मीटर रुंद.

सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा, बहुधा टीममधला सर्वांत उंच खेळाडू. त्याची जागा ही. आपल्या टीमकडे बॉल असताना या पट्ट्यात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणजे पट्टा जेवढा रुंद, तेवढा उंच माणूस रिंगपासून दूर. जॉर्ज मायकन या सेंटरला आवरायला एनबीएनं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं, १९५१ मध्ये सहा फुटांचा पट्टा बारा फुटांचा केला. १९६४ मध्ये विल्ट चेंबरलेन या सेंटरपायी तो सोळा फुटांचा झाला. माणूस आवरेना, म्हणून जमीन बदलली!

आता या मुलीकडे बघा. दहावीत आहे, उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. अमेरिकेतली मॅच आपल्याकडे पहाटे लागते, त्यामुळे ती पाचलाच उठून एनबीएतला सेंटर निकोला योकिचला बघून आलीय. तिला रिंगपासून लांब, तीन गुणांच्या रेषेवर उभं राहून पास द्यायचे आहेत. सरांना ती रिंगखाली हवी आहे.

"सर, आता सेंटर बाहेर खेळतो."

"खेळ की. आधी पन्नास मायकन मार बाळा, मग बाहेर जा."

मायकन म्हणजे रिंगखाली उभं राहून एकदा उजव्या हातानं, एकदा डाव्या हातानं, बॉल जमिनीला लागू न देता टाकत राहायचं. सेंटर करीम अब्दुल-जब्बारनं शाळकरी वयात हेच केलं होतं. पुढं कॉलेजच्या खेळात १९६७ ते १९७६ डंकवर, म्हणजे उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबण्यावर, बंदी होती. त्यातली त्याची वर्षं हुकवर, म्हणजे एका हातानं डोक्यावरून वळवून टाकलेल्या शॉटवर, निभावली, आणि त्याच हुकच्या जोरावर एनबीएमध्ये ३८,३८७ गुण जमले.

सेंटर बाहेर आला, त्यालाही नियमच कारण. १९७९ मध्ये एनबीएत तीन गुणांची रेषा आली. २००१ मध्ये झोन बचावाला, म्हणजे माणूस न धरता जागा राखण्याला, परवानगी मिळाली. त्याआधी बचाव करणाऱ्याला आपापल्या माणसाला धरून राहावं लागे, त्यामुळे सेंटर शकील ओनीलला रिंगजवळ बॉल मिळाला की समोर बहुधा एकटा माणूस. आता बॉल यायच्या आधीच तिथं गर्दी होते. शकीलनं अख्ख्या कारकिर्दीत तीन गुणांचा एकच शॉट घातला. त्याला दुसऱ्याची गरजच पडली नाही.

एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात, त्या २०१४ च्या निवडीत योकिच ४१ वा होता. २०२४-२५ च्या हंगामात दर मॅचला त्याची सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले बॉल) आणि १०.२ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतं ते पास). सेंटरनं असं कधी केलंच नव्हतं, असं म्हणताना एक आकडा विसरू नये. १९६७-६८ मध्ये अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक, ७०२ असिस्ट विल्ट चेंबरलेनचे होते. तोच चेंबरलेन, ज्यानं १९६२ मध्ये एका मॅचमध्ये शंभर गुण केले.

आणि सेंटर बिल रसेल? तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं. तुलनेच्या तक्त्यात मात्र त्याचा सर्वांत मोठा रकाना रिकामा आहे, कारण एनबीएत ब्लॉक, म्हणजे अडवलेले शॉट, मोजायला लागले १९७३-७४ पासून आणि रसेल १९६९ मध्येच थांबला होता. तो अडवलेला बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे, हळूच आपल्या माणसाकडे वळवायचा. तिथूनच पुढची चढाई सुरू. मला विचाराल, तर आजच्या मोकळ्या कोर्टावरही मी आधी रसेललाच टीममध्ये घेईन, आणि योकिचला त्याच्या लगेच मागून. आजचा सेंटर व्हिक्टर वेम्बान्यामा, त्याला शॉट अडवताना बघितलं की रसेल आठवतोच. फरक एवढा, की हा पलीकडे जाऊन तीन गुणांचाही शॉट मारतो.

ऊन आलं. कोबा वाळतोय, पिवळ्या रेघा पुन्हा दिसेनाशा झाल्यात. सीवूड्सकडे जाणारी लोकल मागून वाजत गेली.

"किती झाले गं?"

"बेचाळीस, सर."

"डावा हात वर. अजून वर."