लिंकेज आलं की 9:3:3:1 विसरा, आधी गॅमेट (नर-मादीच्या बीजपेशी) मोजा

नमस्कार मंडळी, नाशिकमधून आज लिंकेज घेतोय, कारण बारावीची, नीटची हुशार पोरं पण इथंच अडकतात. दोन जीन्स दिसले की 9:3:3:1 (दोन गुणांच्या चार जोड्यांचं मेंडेलचं प्रमाण) लावून मोकळे! अरे, तो रेशो दोन्ही जीन्स स्वतंत्र वाटले गेले तरच येतो, एकाच क्रोमोसोमवर (जीन्स वाहून नेणाऱ्या धाग्यावर) एकमेकांच्या जवळ असले तर ते बहुतेक वेळा सोबतच जातात, हेच लिंकेज.

द्राक्षाच्या सीझनला फुटलेल्या घडांवर बारीक चिलटं घोंगावतात ना, त्यांच्याच जातकुळीतल्या ड्रोसोफिला माशीवर मॉर्गन या शास्त्रज्ञाने हे दाखवलं. करड्या अंगाची, नॉर्मल पंखांची हायब्रीड (दोन्ही जीन्सची एकेक काळी-खुरटी प्रतही लपवलेली) मादी आणि काळ्या अंगाचा, खुरट्या पंखांचा नर, पिल्लं 2300. स्वतंत्र वाटणी असती तर चारही प्रकार 575 च्या आसपास यायला हवे होते, पण आई-बापासारखी निघाली 965 आणि 944, आणि नव्या जोडीची फक्त 206 आणि 185. नव्यांची बेरीज 391, भागिले 2300, म्हणजे 17 टक्के, हीच रिकॉम्बिनेशन फ्रिक्वेन्सी, म्हणजे नव्या जोड्यांचं प्रमाण.

आता नीट बघा, हे 17 दोन्ही नव्या प्रकारांचे मिळून आहेत, प्रत्येकी साडेआठ. उरलेले 83 पॅरेंटल, म्हणजे आई-बापासारखे, प्रत्येकी साडेएकेचाळीस. हा अर्धा करायचा राहिला की अख्खं गणित गेलं.

खरी मजा सेल्फिंगमध्ये, म्हणजे हायब्रीडचं स्वतःशीच परागीकरण केलं की आहे. समजा टोमॅटोत दोन जीन्सची रिकॉम्बिनेशन फ्रिक्वेन्सी 20 टक्के आहे आणि दोन्ही डॉमिनंट (वरचढ) प्रती एकाच क्रोमोसोमवर, दोन्ही रिसेसिव्ह (दबणाऱ्या) दुसऱ्यावर, म्हणजे कपलिंग. मग दोन्ही रिसेसिव्हवाला गॅमेट 40 टक्के, तो दोन्हीकडून यायला हवा म्हणून 0.4 गुणिले 0.4, 16 टक्के. प्रत्येक रिसेसिव्ह गुण एकूण 25 टक्के झाडांत दिसतो, म्हणून प्रत्येक सिंगल रिसेसिव्ह 25 वजा 16, म्हणजे 9, आणि डबल डॉमिनंट 50 अधिक 16, म्हणजे 66. तेच जीन्स, तेच 20 टक्के, पण रिपल्शन असेल, म्हणजे एकेक डॉमिनंट वेगवेगळ्या क्रोमोसोमवर, तर दोन्ही रिसेसिव्हवाला गॅमेट 10 टक्केच आणि डबल रिसेसिव्ह झाड शंभरात जेमतेम एक! म्हणून आकडे लावायच्या आधी कोण कोणासोबत बसलंय ते बघायचंच.

आणि हो, नर ड्रोसोफिलात क्रॉसिंग ओव्हर (जोडीच्या क्रोमोसोममधली तुकड्यांची अदलाबदल, जिच्यातून नव्या जोड्या बनतात) होतच नाही. त्यामुळे माशीचा एफ टू (हायब्रीड नर-मादीची पिल्लं) विचारला तर गॅमेटच्या टक्क्याला त्यानेच गुणून वर्ग करायचा नाही, नराचे गॅमेट सरळ 50-50 पॅरेंटल धरायचे. मघाच्या 17 टक्क्यांवर, कपलिंगमध्ये, 0.5 गुणिले 0.415, म्हणजे 20.75 टक्के डबल रिसेसिव्ह, आणि रिपल्शनमध्ये एकही नाही.