वावराखालची भट्टी

(दृश्य : पऱ्हाटी उपटून मोकळं झालेलं वावर, चौकटीत ताणलेल्या सुतळ्या)

खांद्यावर लांब नळी घेऊन कोणी वावरात सरळ रेषेत चालू लागलं, की धुऱ्यावर माणसं जमतात. प्रश्न ठरलेला : "काही लागते का भाऊ? सोनंबिनं?"

नाही लागत. ती नळी म्हणजे मॅग्नेटोमीटर, चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र. सोन्याचांदीपुढे तो आंधळा आहे. त्याला कळतं ते लोखंड आणि भाजलेली माती. गुप्तधनापायी रातोरात खड्डे खणणाऱ्यांनी एवढं ऐकलं तरी पुष्कळ.

पारशिवनी तालुक्यात, पेंचकाठच्या नायकुंडला १९७८ ते १९८० च्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी निघाली; सुमारे अडीच हजार वर्षांमागची. अशी भट्टी न खणता कशी ओळखायची?

मातीत लोहाचे बारीक कण असतातच. ५८० अंशांच्या वर तापलं की त्यांतल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचं चुंबकत्व पुसलं जातं आणि निवताना, त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून, नव्याने बसतं. मग ते शतकानुशतकं जात नाही. १९५८ साली इंग्लंडात वॉटर न्यूटन गावाजवळ भौतिकशास्त्रज्ञ मार्टिन एटकेन यांनी याच आधारावर रोमन काळातल्या कुंभारभट्ट्या हुडकल्या.

विदर्भात पृथ्वीचं चुंबकक्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांच्या वर (नॅनोटेस्ला हे ते मोजायचं माप). त्यात गाडलेल्या भट्टीचा फरक फार तर शेकड्यांतला. म्हणून चालणाऱ्याच्या कमरेला बक्कल नाही, खिशात किल्ली नाही, मोबाईल धुऱ्यावर.

(दृश्य : यंत्राचा पडदा)

हा बघा, आकडा एकदम उसळला आणि पुढच्याच पावलाला कोसळला. इतका टोकदार चढउतार म्हणजे वस्तू लोखंडी, आणि अगदी वरवर. उकरलं, तर वखराच्या पासेचा तुकडा! भट्टीचा चढ पसरट असतो, दोन-तीन पावलं टिकतो.

तिकडच्या पुस्तकांतले नकाशे मात्र इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इंग्लंडात चुंबकरेषा जवळजवळ उभ्या जमिनीत शिरतात; नागपूरकडे साधारण ३० अंशांनी तिरप्या. त्यामुळे चढ वस्तूच्या दक्षिणेला सरकतो, उत्तरेला खोल उतार पडतो. खड्डा नेमका चढाच्या माथ्यावर घेतला, की भट्टी हुकलीच म्हणा.

खरी डोकेदुखी काळ्या पाषाणाची. तो स्वतःच चुंबकीय. जिथे तो उथळ आहे, तिथे एकेक धोंडा भट्टीचं सोंग आणतो. मग नकाशा गुंडाळून, ढेकळांतून लोखंडाची मळी (गाळताना उरलेला गाळ) आणि खापरं वेचत फिरायचं.