हुंड्यात गेलेला कोट, सोलापूरकरांची बाग

हा सोलापूरचा भुईकोट. ना डोंगर, ना कडा, त्यामुळे सगळी भिस्त तटावर आणि पाण्यावर. एकात एक दोन तटभिंती, तीन बाजूंना शंभर फुटांहून रुंद खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव.

कोट बहमनी काळातला. पण त्याची खरी कहाणी सुरू होते ती लग्नाच्या बोलणीपासून. १५२४ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीतली मुलगी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हा हुंड्यात सोलापूर ठरलं. ते काही मिळालं नाही, आणि त्यापायी दोन्ही घराणी वर्षानुवर्षं लढत राहिली. अखेर विजयनगरशी झालेल्या तालिकोटच्या लढाईआधी निजामशाहीची चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्या हुंड्यात सोलापूर विजापूरकडे गेलं. इथं राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे मोगल आले, मराठे आले. १८१८च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला.

तटाजवळ जरा थांबूया. काळ्या दगडांच्या ओळीत मधेच एखादी कोरीव शिळा दिसते. वेलबुट्टी आडवी बसलेली, मूर्तीचे नाकडोळे झिजलेले. हे जुन्या देवळांचे दगड. बांधणाऱ्यांनी हाताशी आले तसे बसवले. त्यांच्याच शेजारी आज खिळ्यानं कोरलेली नावं दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

खंदकाला लागून आहे हुतात्मा बाग. १९३० मध्ये स्वातंत्र्यचळवळीच्या दिवसांत इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. चौघांची नावं ओळीनं वाचा, सगळं सोलापूर त्यात आहे. आजही बागेतल्या एका बाकावर मराठी, दुसऱ्यावर कन्नड, पलीकडे तेलुगू आणि उर्दू कानावर पडते. पोरं घसरगुंडीवर, आजीबाई झाडाखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडून बसलेल्या. ज्या तटानं लोकांना बाहेर ठेवलं, त्याच्याच सावलीत ही सगळी मंडळी टेकतात. किल्ल्याचं याहून चांगलं काही होऊ शकलं असतं, असं मला वाटत नाही.

हुतात्म्यांचा स्मृतिदिन आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा लागोपाठच येतात. यात्रा भरते ती शेजारच्या होम मैदानावर. संक्रांतीला नंदीध्वज बघायला आलात, तर एक दुपार कोटासाठी ठेवा. आतली बत्तीस खांबांची मशीद आणि जुन्या देवळाचे अवशेष घाईत बघण्यासारखे नाहीत.