बोर्ड बिघडतो तो काठावर

मंडळी, आत येताना दाराबाहेर उन्हात एक निळा बोर्ड आडवा पडलेला तुम्ही पाहिला असेल. पॅडल बोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची, हवा भरून फुगवायची फळी. तो विसरलेला नाही, मुद्दाम ठेवलाय. साडेनऊ वाजता याच हॉलमध्ये पंख्याखाली बसून त्यात बरोबर १२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप, टायरला असतं तेच) हवा भरली आणि मग तो बाहेर नेऊन ठेवला. व्याख्यान संपलं की आपण सगळे बाहेर जाऊन पुन्हा मोजणार आहोत. तोवर मनातल्या मनात आकडा धरून ठेवा. जो जवळ येईल त्याला माझ्याकडून भजी.

पहिल्यांदा लोक हसतातच. सोलापुरात किती दिवसांनी नळाला पाणी येतं यावर घरोघरी चर्चा चालते, आणि हा माणूस पाण्यावर उभं राहायच्या फळीची निगा सांगतोय! पण पाणी नाही म्हणायला आपल्या जिल्ह्यात उजनी आहे, ११७ टीएमसीचं धरण. त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी मृत साठ्यात धरलेलं, मोजणीचा शून्य त्याच्या वर धरतात, म्हणून तर पेपरात ‘उजनी वजा’ असं छापून येतं. बाहेरगावच्या माणसाला धरण शून्याच्या खाली कसं जातं हे कळत नाही, आपल्याला मात्र ते पाठ असतं. इकडे शहराजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे. उभं राहून वल्हवणं हवाईतून जगभर गेलं हे खरं. पण पंढरपुरात चंद्रभागेवर होडीत उभं राहून लांब बांबू रेटणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना यात नवल वाटायला नको. एकच सांगतो, कुठल्याही जलाशयात उतरायच्या आधी परवानगीचं विचारा.

आता हा तुकडा बघा. हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. फुगवायच्या बोर्डातून कापलेला हा वीतभर चौकोन आहे. वरून, खालून रबरासारखं प्लास्टिक, पीव्हीसी. मध्ये काय दिसतंय? धागे. पांढरे, बारीक, उभे, हजारो. काका, तुम्ही यंत्रमागावर होतात म्हणालात ना मघाशी? बघा बरं जरा. ...बरोबर! काका म्हणतायत, ही दोन कापडं वेगळी विणून जोडलेली नाहीत, एकाच मागावर वर-खाली एकदम विणलीत आणि ताण्यातले काही धागे वरच्या कापडातून खालच्यात, खालच्यातून वरच्यात फिरवलेत. मखमल अशीच विणतात, मग मधोमध चिरून तिचे दोन पन्हे वेगळे करतात. इथे चिरत नाहीत, एवढाच फरक. याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. साधा फुगा हवा भरली की गोल होतो, कारण त्याला आतून धरून ठेवणारं कुणी नसतं. इथे प्रत्येक धागा दोन्ही कापडांना आपापल्या जागी खेचून धरतो, म्हणून १२-१५ पीएसआयला तो फळीसारखा सपाट आणि कडक होतो.

म्हणजे बोर्ड हे मुळात कापड आहे, आणि कापडाचं सोलापूरला कुणी काय शिकवावं? ताण जास्त झाला तर धागा तुटतो, ओल राहिली तर बुरशी धरते, धूळ बसली तर घासून झिजतं. मी पुढे जे सांगणार आहे ते यातच आलं. पण मला एक गोष्ट उमजायला एक बोर्ड गमवावा लागला. बोर्ड पाण्यात बिघडत नाही, काठावर बिघडतो. गाडीच्या टपावर, गच्चीत, डिकीत.

सांगतो कसा. एप्रिल महिना. सकाळी उजनीवर दोन तास काढले आणि निघताना आळस केला. हवा सोडा, गुंडाळा, घरी जाऊन पुन्हा पंप मारा, कोण करणार? फुगवलेलाच बोर्ड टपावर बांधला आणि टेंभुर्णीच्या पुढे एका ढाब्यावर पिठलं-भाकरीला थांबलो. अर्धा-पाऊण तास. बाहेर आलो तर बोर्डाच्या मधोमध दुधीभोपळ्याएवढा फुगवटा. फुटला नव्हता, हवा गळत नव्हती, नुसता फुगवटा. आतले धागे कापडापासून सुटले होते. सांधा उसवला तर चिकटवता येतो, पण आतला धागा सुटला की जगातला कुठलाच कारागीर तो परत बसवू शकत नाही. आता तुमच्या हातात फिरतोय तो तुकडा त्याच बोर्डाचा.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २५ अंशांना १२ पीएसआय भरलेला बोर्ड, आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली की १५ च्या घरात जातो. आणि सकाळीच १५ भरला असेल तर १८ च्या वर. आपल्याकडे मेमध्ये सावलीतलं तापमान ४२-४३ असतं, उन्हातल्या निळ्या-काळ्या पृष्ठभागाचं तर विचारूच नका. व्हॉल्व्हजवळ कमाल दाब छापलेला असतो. तो थंड हवेच्या हिशेबाने भरून उन्हात टाकलात की तुम्ही तो आकडा ओलांडलाच. म्हणून माझा नियम असा: सोलापूरच्या उन्हाळ्यात काठावर छापील आकड्यापेक्षा दोन-तीन पीएसआय कमी भरायचं. पाण्यात उतरल्यावर खालून पाणी बोर्डाला गार ठेवतं, तिथे काळजी नाही. उलट गार पाण्यात दाब थोडा उतरतो आणि बोर्ड मऊ वाटतो. दुपारच्या जेवणाला बाहेर काढलात तर थोडी हवा सोडा आणि सावलीत ठेवा. सावलीला झाड नसेल तर एक जुनी सोलापुरी चादर ओली करून वर टाका. माझी खास चादर आहे त्यासाठी, तिच्यावरचा मोर आता ओळखूही येत नाही.

आणि कृपा करून टायरवाल्याकडे नेऊन हवा भरू नका. गाडीच्या टायरला ३०-३२ लागतात, त्याचा कॉम्प्रेसर त्याहून कितीतरी जोरात हवा सोडतो. काटा बघेपर्यंत खेळ संपलेला असतो.

काट्यांवरून काटे आठवले. हिप्परग्याचा काय, उजनीचा काय, काठ म्हणजे वेडी बाभूळ. बोर्ड पाण्यात तरंगताना बाभळीचा काटा त्याचं फारसं वाकडं करत नाही. तुम्ही काठावर ठेवलेल्या बोर्डावर उभे राहता, तेव्हा तुमचं वजन त्याला काट्यावर दाबतं. म्हणून जमिनीवर असताना त्यावर उभं राहू नका, खाली फिन, म्हणजे माशाच्या परासारखं पातं असतं, तेही वाकतं. दोघांनी उचलून गुडघाभर पाण्यात न्यायचा आणि तिथे चढायचं. ओढत नेण्याचा तर प्रश्नच नाही. उन्हाळ्यात उजनी उतरते तेव्हा बुडालेल्या गावांचे दगड, झाडांचे बुंधे वर येतात, पळसदेवचं जुनं देऊळही उघडं पडतं. बघायला फार छान, पण फिनला तेच नडतात. पाणी कमी असेल त्या दिवसांत माझ्याकडे आखूड फिन असतं.

तरी भोक पडलं तर? इथे माझा दुसरा मूर्खपणा. पंक्चर झालं म्हणून मी सरळ पंक्चरवाल्याकडे गेलो. तो बिचारा म्हणत होता, “मालक, हे रबर नाही,” पण मीच हट्ट केला. सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन पीव्हीसीवर धरत नाही. ठिगळ दोन दिवसांत पापडासारखं निघालं. मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तिथे पीव्हीसी म्हटल्यावर पाइप जोडायचं सिमेंट हातात दिलं. तेही नको, ते सुकून कडक होतं आणि बोर्ड गुंडाळला की तडकतं. फुगवायच्या बोटींसाठी पीव्हीसीचा जो लवचीक चिकटद्रव मिळतो तोच हवा. बोर्डाबरोबर येणाऱ्या किटमध्ये ठिगळं असतात, चिकटद्रव बऱ्याचदा नसतो, कारण तो ज्वालाग्राही म्हणून विमानाने पाठवत नाहीत. आधीच आणून ठेवा. हवा पूर्ण काढून, जागा स्पिरिटने पुसून, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून, ठिगळावर आणि बोर्डावर दोन्हीकडे पातळ हात द्यायचा. लगेच चिकटवायचं नाही. बोटाला चिकचिक लागेल पण तार येणार नाही, इतपत सुकू द्यायचं, मग दाबायचं आणि वर वजन ठेवायचं. चोवीस तास हवा भरायची नाही. ही चोवीस तासांची अट माणसाला सगळ्यात जड जाते.

पण भोक शोधायच्या आधी व्हॉल्व्ह तपासा. माझ्याकडे जेवढे लोक ‘बोर्ड गळतोय’ म्हणून आले, त्यातल्या बऱ्याच जणांचा व्हॉल्व्हच नुसता सैल होता. हे बघा, भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने लावतो. आता थांबा. ...दिसला? कडेला एकच बुडबुडा, मोठा होतोय. पान्याने पाव फेरा आवळला, पुन्हा फेस, आता काही नाही. पान्याचा आवेश दाखवू नका, प्लास्टिकचे आटे आहेत. मधली पिन वर असेल तर हवा आत राहते, दाबून फिरवली की खाली अडकते आणि हवा बाहेर येते. आपली काळी माती या पिनेची वैरीण. वाळली की पिठासारखी बारीक होते आणि व्हॉल्व्हच्या वाटीत जाऊन बसते. टोपण उघडण्याआधी पुसायचं, एवढीच सवय लावा.

पाण्यातून आलं की साध्या पाण्याने धुवायचं. उजनीत शेवाळ, जलपर्णी, त्यांचा हिरवा थर उभं राहायच्या फोमच्या पॅडमध्ये जाऊन बसतो. सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरे. ब्लीच नको, ॲसिड तर नकोच, वॉशिंग सेंटरचा फवाराही नको, पॅड उचकटतं. टायर चमकवायचं पॉलिश लावणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातलं सिलिकॉन बोर्ड निसरडा करतं आणि पुढे ठिगळही धरू देत नाही. पुसायला टेरी टॉवेल, तोही आपलाच. भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू बोर्ड पुसायला वापरतो म्हणून रागावू नका, पाणी शोषायला त्याच्या लूपसारखं दुसरं काही नाही. कडेचे सांधे, फिनची खाच, हँडलखाली, सगळीकडून. ओला बोर्ड पिशवीत गेला की पावसाळ्यात आठ दिवसांत काळे ठिपके पडतात. पॅडलचे तुकडेसुद्धा वेगळे करून सुकवायचे, नाहीतर मातीने असे अडकतात की दोघांनी रस्सीखेच करावी लागते.

गुंडाळताना फिन काढा, सैल गुंडाळा, आणि उन्हाने तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. माझ्याकडे तो कपाटावर असतो, कारण एकदा माळ्यावर ठेवला होता तर उंदरांनी पिशवीचा पट्टा खाल्ला. बोर्ड वाचला. उंदरांना शेंगा चटणीचा वास लागला असणार, डबा त्याच पिशवीत होता.

कडक बोर्डाबद्दल थोडक्यात, कारण इथे फार जणांकडे नाही. आत थर्मोकोलसारखा फोम, वर फायबरग्लास आणि इपॉक्सी. त्याचाही शत्रू ऊनच, आतली हवा प्रसरण पावून वरचं कवच सुटतं. हवा जायची छोटी खिट्टी असते, ती बुजलेली नाही ना बघा. तडा गेला तर आधी आतलं पाणी पूर्ण सुकवा आणि इपॉक्सीनेच भरा. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतात ते पॉलिस्टर रेझिन लावलं तर आतला फोम विरघळतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कळाशी आणि कुगावच्या दरम्यान उजनीत वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण गेले. वळवाचा वारा आपल्याकडे सांगून येत नाही. वाऱ्यात फुगवलेला बोर्ड पतंगासारखा उडतो आणि तुम्ही मागे राहता. म्हणून पायाची लीश, म्हणजे बोर्ड तुमच्याशी बांधून ठेवणारी दोरी, ही देखभालीतली पहिली वस्तू. वेल्क्रोत जलपर्णीचे तंतू अडकले की ती धरत नाही, सुईने काढा. दोरीला बारीक भेग दिसली की फेकून द्या, बदली लीशला फार पैसे पडत नाहीत. वाहत्या नदीत ती घोट्याला बांधू नका, झटक्यात सुटणारी कमरेची वापरा, कारण झाडाझुडपात अडकली तर पायापर्यंत हात पोचत नाही. लाइफ जॅकेटची बकलं दर वेळी लावून बघा.

मागून ताई विचारतायत, किती वर्षं टिकतो? ताई, सांभाळला तर बरीच. माझा सध्याचा बोर्ड सहावं वर्ष काढतोय, आणि त्याच्या बहुतेक सहली थंडीतल्या, हुरड्याच्या आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या आहेत. एप्रिल-मेमध्ये मी फक्त पहाटे जातो, नऊच्या आत घरी.

चला, बाहेर. चपला घाला, फरशी तापली असेल. कोणाचा आकडा किती? काका चौदा म्हणतायत, ताई सोळा, तू काय बे, वीस? पंप जोडतो. दोन-चार दट्टे मारल्याशिवाय काटा उठत नाही, थांबा. ...पावणेचौदा. तासाभरात, तेही मार्चमध्ये. काका, भजी तुमची. बोर्डाला हात लावून बघा सगळ्यांनी, मग मी पिन दाबतो. कान झाका जरा, आवाज मोठा येतो.