मेलेल्या झाडांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

दुष्काळाचा विषय निघाला की आपल्याकडची माणसं सालं सांगतात. १९७२, २०१२, आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं ते २०१६. छावण्या आठवतात, टँकर आठवतात. झाडांचं कुणी काढत नाही. त्याला अपवाद मोसंबीचा. २०१२-१३ मध्ये जालना, संभाजीनगर भागात उभ्या बागा वाळल्या, लोकांनी त्यांचं सरपण केलं. ते लक्षात राहिलं, कारण त्या झाडामागं पैसा होता. डोंगरावरचा धावडा किंवा बांधावरचा हिवर गेला, तर कुणाच्या वहीत नोंद होत नाही. हवामान बदललं तर जंगलाचं काय होईल, हे सांगणारी संगणकाची मॉडेलं नेमकी याच नोंदीपाशी अडतात.

१९७२ साली आपल्याकडं लोक मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन खडी फोडत होते. त्याच साली अमेरिकेत डॅनियल बॉटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जाबोवा’ नावाचं मॉडेल प्रसिद्ध केलं. दहा बाय दहा मीटरचा तुकडा घ्यायचा, त्यातलं एकेक झाड ऊन, पाणी आणि उष्णता बघून वर्षावर्षाला वाढवायचं. वाढीचं गणित छान बसलं. मरणाचं मात्र जवळपास फासे टाकून ठरवलं होतं. शंभरातली एक-दोनच झाडं पूर्ण वय गाठतील असा हिशेब धरायचा, आणि वाढ फारच खुंटली तर मरणाची शक्यता वाढवायची. पुढं मॉडेलं खूप सुधारली, पण मरणाचा भाग बऱ्याच ठिकाणी अजून असाच ढोबळ आहे.

कारण झाड मरतं कसं, हेच अवघड आहे. विहीर तळाला गेली की मोटार हवा धरते, हे तुम्हाला सांगायला नको. झाडाचं तसंच होतं. पानं वरून पाणी ओढतात, मुळांशी ओल नसली की खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि धार तुटते. काही झाडं हे टाळायला पानांवरची रंध्रं मिटून घेतात. पण रंध्रं मिटली की हवेतला कार्बनही आत येत नाही, मग साठवलेल्या साखरेवर दिवस काढायचे. उपास लांबला की खोडकिडा आणि बुरशी टपलेलीच असतात. साग यातून हुशारीनं सुटतो, तो पानंच टाकून देतो. सदा हिरव्या मोसंबीला ती सोय नाही.

आणि हे सगळं पाऊस तेवढाच राहिला तरी होऊ शकतं. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरायची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे तेवढ्याच पावसात पानांतून ओढ जास्त.

तमिळनाडूत मुदुमलईला आपल्यासारखंच पानगळीचं कोरडं जंगल आहे. तिथं बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९८८ पासून ५० हेक्टरांतलं झाड न् झाड क्रमांक घालून मोजत ठेवलंय. बोटाएवढ्या खोडाचं रोपसुद्धा. त्यातून दिसलं, की तुटीच्या पावसाचा फटका झाडांच्या मरणात त्याच साली दिसेल असं नाही, तो दोन-तीन वर्षं मागून येतो. एकाच उन्हाळ्यात फिरून आलेल्या माणसाला हे कधीच दिसायचं नाही. २०२३ चा कोरडा ऑगस्ट आठवतो ना? त्याचे बळी २०२५-२६ मध्ये शोधायला हवेत.

त्याच संस्थेत रवींद्रनाथ आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या जंगलांचा अंदाज काढला. २००६ मध्ये एक मॉडेल म्हणालं, तापमानवाढ जोरात झाली तर जंगलाच्या ७७ टक्के चौकटींत, म्हणजे मॉडेलनं नकाशावर आखलेल्या चौकोनी तुकड्यांत, जंगलाचा प्रकारच बदलेल. २०११ मध्ये दुसरं, जास्त बारकाईचं मॉडेल म्हणालं, ३९ टक्के. देश तोच, परिस्थितीही तशीच, आणि आकडा जवळजवळ निम्मा. म्हणून मॉडेल टाकाऊ ठरत नाही, पण वर्तमानपत्रातला एकच आकडा धरून बसू नये हे खरं. त्यातल्या एका चौकटीची बाजू ५० किलोमीटरच्या वर. गेवराईची गोदाकाठची काळी जमीन आणि मांजरसुंब्याचा खडकाळ घाट एकाच चौकटीत येऊ शकतात. मराठवाड्यात सलग जंगल म्हणजे किनवटचा साग, गौताळा आणि अशाच मोजक्या जागा. बाकीची झाडं बांधावर, ओढ्याला, गायरानात. ती या चौकटींत धरलेलीच नाहीत.

दुसरी अडचण म्हणजे मेलं कशाला म्हणायचं? २०२१ मध्ये शेजारच्या तेलंगणात कडुलिंबांचे शेंडे करपले, लोक म्हणाले लिंब संपले. कारण मुख्यतः बुरशीचं होतं, आणि पुढं बऱ्याच झाडांना पालवी फुटली. वरून उपग्रहानं बघितलं तर चैत्रातला उघडा धावडा आणि मेलेला धावडा ओळखणं कठीणच.

लावलेल्या झाडांचे आकडे आपल्याकडं भरपूर. २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य ठेवलं होतं. मला विचाराल तर लागवडीइतकंच मोल मरणाच्या नोंदीला द्यावं, आणि ती गावातल्या शाळेलाही जमेल. झाड वाळलेलं वाटलं तर नखानं फांदीची साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. कोरडं, तपकिरी दिसलं तरी घाई नको, बुंध्याजवळ बघा, आणि आषाढात पुन्हा जाऊन या. पळस बुडखातूनसुद्धा फुटतो. तेव्हाही काही फुटलं नाही, तर झाडाचं नाव, घेर, जमीन काळी की मुरमाड, आणि साल एवढं वहीत लिहा. जवळ नवीन बोअर पडला असेल तर तोही लिहा, नाहीतर उद्या कुणीतरी सगळं खापर हवामानावर फोडेल. नमस्कार.