एक ठिपका, एक गुंठा

ही सांगोल्याची डाळिंबाची बाग. फोटो ड्रोनचा नाहीये बरं का, 786 किलोमीटर वरून सेंटिनेल-2 या युरोपच्या सॅटेलाईटनं काढलाय. सेंटिनेल-2 चा पहिला सॅटेलाईट 2015 ला वर गेला, दुसरा 2017 ला, आणि तेव्हापासून साधारण दर पाच दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास आपल्या सोलापूर जिल्ह्याचे फोटो निघतात, तेही फुकट, कोणीही बघू शकतं.

आता या फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवर 10 मीटर बाय 10 मीटर, झाले 100 चौरस मीटर. आणि आपला गुंठा? 101! म्हणजे एक ठिपका जवळपास एक गुंठा, एकराला चाळीस ठिपके. मला हे फार भारी वाटतं, कारण ऊस डोक्याच्या वर गेला की आत कोण शिरणार, बांधावरून दिसेल तेवढंच बघायचं, मधल्या गुंठ्यांत काय चाललंय ते तोडणीलाच कळायचं.

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड परत फेकतं. पीक जोमात असलं की या दोन्हीतला फरक मोठा, पान सुकायला लागलं की फरक कमी. त्यावरून जो आकडा काढतात तो एनडीव्हीआय, उघड्या रानाचा 0.1-0.2, दाट उसाचा 0.8 च्या आसपास. पिकाचा नकाशा दाखवणाऱ्या ॲपमधला हिरवा-पिवळा-लाल रंग याच आकड्याचा.

पण डाळिंबवाल्यांनो, इथं सांभाळा. बहार धरायच्या आधी, म्हणजे झाडाला एकदम फुलं आणायच्या आधी, आपण पाणी तोडतो, ताण देतो, पानगळ करतो, तेव्हा नकाशावर अख्खी बाग लाल दिसणार, आणि ज्याला बहार म्हणजे काय ते माहीत नाही तो म्हणणार बाग गेली! शिवाय दोन ओळींत मोकळी जमीन, ठिपक्यात पाला कमी आणि माती जास्त, त्यामुळे आकडा कमीच येतो. शेजारच्या उसाशी तुलना करूच नका, आपल्याच बागेचा मागच्या वर्षीचा, त्याच बहारातला फोटो शेजारी लावून बघा. आणि फळावरचा तेल्या रोगाचा डाग वरून दिसत नाही म्हणजे नाही, त्यासाठी झाडापाशीच जायला लागतं.

मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला मात्र याचा चांगला उपयोग होतो. रब्बीत आभाळ मोकळं असतं, ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते, त्यामुळे कुठल्या तुकड्यातली ओल आधी संपतेय ते रंगावरून कळतं आणि विहिरीत थोडं पाणी असलं तर आधी कुठं द्यायचं ते ठरवता येतं. पावसाळ्यात ढग आडवे येतात, मग रडारवाले सॅटेलाईट लागतात, सेंटिनेल-1 किंवा 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्यावरून गेलेला निसार.

उजनीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्यांनी अजून एक बघा. दोन-तीन वर्षांचे फोटो लावले आणि पीक बदललं तरी पिवळा पट्टा त्याच जागी दिसतोय, तर तिथं युरियाची गोणी टाकायची घाई करू नका, जमीन क्षारपड होत असेल. त्या पट्ट्यातली माती वेगळी घ्या, चांगल्या जागेतली वेगळी, दोन पिशव्यांवर नावं टाका आणि सामू (pH) आणि क्षार दोन्ही तपासून घ्या.